विनाभार चाचणी

"मॅडम, आधी पाच गोष्टी बघून ठेवा, मग मी ग्राफिक्स कार्ड घेऊन येतो," इरफान मुल्लानं फोनवर सांगितलं होतं. "नाहीतर काय होतंय, माणसं हौसेनं कार्ड नेतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणतात. कपाट आणलं आणि जिन्यातून वर जाईना, तसं."

राजमती मगदूमनं पाचही गोष्टी वहीत उतरवून घेतल्या होत्या. कॅबिनेटमध्ये मोकळी लांबी किती. मदरबोर्डवर हवा तो स्लॉट आहे का आणि त्याच्या शेजारी काही आडवं येतं का. वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, किती वॅटचा. त्यातून कार्डाला लागणाऱ्या जाड वायरी निघतात का. आणि प्रोसेसर फारच म्हातारा नाही ना, नाहीतर नवं कार्ड त्याची वाट बघत बसायचं.

"डब्यावर छापलेले वॅट मी धरणार नाही," ती म्हणाली होती. "मी मोजणार."

"मोजा की. तुम्ही मोजल्याशिवाय साखर तरी घालता का चहात?" इरफान हसला होता. सांगलीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि मगदूमांच्या घरातलं मशीन त्यानंच जोडून दिलं होतं.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. राजमतीची चौतीस वर्षं विजेचे मीटर तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी २०३६ सालच्या त्या मंगळवारी सकाळी तिनं टेबलावर स्टीलची पट्टी, बॅटरी, स्क्रूड्रायव्हर आणि वॅटमीटर अगदी त्याच क्रमानं मांडले, जसे ती ऑफिसात मांडायची. कॅबिनेटची डावी बाजू काढली. आतली धूळ ब्रशनं झाडली. स्लॉटपासून समोरच्या जाळीपर्यंत पट्टी धरली. तीनशे एकेचाळीस मिलिमीटर. नवं कार्ड तीनशे बत्तीस. बसत होतं.

हे सगळं चाललं होतं भूपालच्या आवाजासाठी.

भूपाल मगदूम, तिचा नवरा, हळदीच्या बाजारात सौदे पुकारायचा. मार्केट यार्डात त्याचा आवाज तीन पेठा पलीकडे ऐकू जातो, असं व्यापारी म्हणत. दीड वर्षापूर्वी घशाच्या कॅन्सरनं त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला श्वासासाठी छिद्र राहिलं आणि घरातला आवाज गेला.

महिन्याभरात 'स्वरसाथ' कंपनीचा पट्टा आला. त्यामागचं शास्त्र राजमतीला पहिल्याच बैठकीत पटलं होतं, कारण ते विजेचं होतं. माणूस बोलायला जातो तेव्हा जीभ, जबडा आणि मान यांच्या स्नायूंना मेंदूकडून हुकूम जातात. स्वरयंत्र नसलं तरी हुकूम जायचे थांबत नाहीत. त्या हुकमांची वीज व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाइतकी असते. गळ्याभोवतीचा पट्टा ती टिपतो आणि घरातल्या कॉम्प्युटरकडे पाठवतो. तिथलं ग्राफिक्स कार्ड एकाच वेळी हजारो गुणाकार करून ओळखतं, की हा माणूस 'चहा' म्हणतोय की 'जा'. मग जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या त्याच्याच आवाजात तो शब्द स्पीकरमधून येतो. गळ्यातले संकेत घराबाहेर पाठवायचे नाहीत असा कायदा होता. म्हणून सगळं गणित घरात, टेबलाखालच्या त्या डब्यात व्हायचं.

फक्त आवाज उशिरा यायचा. कधी दीड सेकंद, कधी दोन. यार्डातले मित्र घरी आले की भूपालचा विनोद त्यांचं हसू ओसरल्यावर यायचा. गेल्या आठवड्यात तो भडकला होता.

"हे काय बोलणं आहे? बैल गेला आणि झोपा केला. ते मोठं कार्ड आण बघू, राजमती."

आणि राजमतीनं इरफानला फोन केला होता. चार महिन्यांपूर्वी असं कुणी फर्मावलं असतं तर तिनं "तुमचे हात मोडलेत का?" असं विचारलं असतं. पण चार महिन्यांपूर्वी एक गोष्ट घडली होती.

तिचं मूळ सत्तावीस वर्षं मागचं. नाशिकच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून राजमतीची नेमणूक झाली होती. मीटर खात्यात त्या खुर्चीवर तोवर बाई बसली नव्हती. पत्र घरच्या पत्त्यावर आलं. भूपालनं ते घेतलं आणि दडवलं. रुजू व्हायची मुदत टळली. वर्षभरानं बिछान्याच्या पेटीत, हळदीच्या पावत्यांखाली, ते तिला सापडलं. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "बरं झालं की. घर कुणी बघितलं असतं?" त्यानंतर तो विषय त्यानं एकदाही काढला नाही. तिनं काढला तर तो उठून जायचा.

आणि या जूनमध्ये, चौदा तारखेला, सकाळी शिरा खाताखाता तो आपणहून बोलला होता. "राजमती, नाशिकचं पत्र मी दडवलं. तुझ्या वाटेत आडवा पडलो मी. चुकलं माझं."

तिच्या हातातली वाटी खाली ठेवायचीही राहून गेली होती. त्याच्या तोंडात घास होता, हे तिला तेव्हाही दिसलं. तिला वाटलं, मशीनची ही एक सोय आहे, तोंड भरलेलं असतानाही माणसाला मन मोकळं करता येतं. ती रडली. भूपालनं मान खाली घालून शिरा संपवला होता.

गेल्या आठवड्यात नाशिकहून सबनीसांचा फोन आला. जुने सहकारी. प्रयोगशाळा नव्यानं उभारायची होती, दोन वर्षांसाठी जाणतं माणूस हवं होतं. "तुम्हीच या मॅडम. क्वार्टर आहे." राजमती नको म्हणाली. का, ते तिनं फक्त धाकट्या बहिणीला, कांचनला सांगितलं, "आता त्या खुर्चीचं मला काही वाटत नाही गं. त्यांनी कबूल केलं, तिथंच मिटलं." सबनीस तरी म्हणालेच होते, शुक्रवारपर्यंत जागा मोकळी ठेवतो.

भूपाल अंघोळीला गेला होता. गळ्याच्या छिद्रावर रबरी झडप बांधून अंघोळ करायला त्याला अर्धा तास लागायचा. पट्टा त्यानं नेहमीच्या खिळ्याला अडकवला होता, बंद करून.

राजमतीनं भिंतीतल्या प्लगमध्ये आधी वॅटमीटर खोचला, त्यात कॉम्प्युटर जोडला आणि चालू केला. तिचा हिशेब सरळ होता. मशीन रिकामं असताना किती वीज खातं, भूपाल बोलताना किती खातं, हे दोन आकडे घ्यायचे. त्यात नव्या कार्डाची भर टाकायची. एसएमपीएसवर पाचशे पन्नास छापलं होतं. पुरतं की नाही, कळलं असतं.

दुसऱ्या कुणी रिकामं वाचन घेतलंच नसतं. इरफाननं तर यादीतही ते लिहिलं नव्हतं. पण प्रयोगशाळेत राजमतीच्या हाताखालून एकही मीटर विनाभार चाचणीवाचून गेला नव्हता. मीटरला नुसता विजेचा दाब द्यायचा, भार जोडायचा नाही, एक दिवा नाही की पंखा नाही, आणि बघत बसायचं. चांगला मीटर गप्प राहतो. खोटा मीटर रांगतो. कुणी काही वापरत नसताना आकडा पुढे सरकतो. नव्या मुलांना ती सांगायची, "भार असताना सगळेच मीटर बरोबर दिसतात. खोटेपणा कळतो तो काही जोडलेलं नसताना."

मशीन सुरू होऊन स्थिर झालं. अठ्ठावन्न वॅट. तिनं वहीत लिहिलं.

मग आकडा हलला. सत्त्याऐंशी. एकशे चाळीस. एकशे त्र्याण्णव. कार्डावरचे दोन्ही पंखे घोंगावू लागले.

राजमतीनं खिळ्याकडे पाहिलं. पट्ट्यावरचा दिवा विझलेला होता. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता.

भार नव्हता आणि मीटर रांगत होता.

तिला आधी वाटलं, कुठलातरी व्हायरस शिरला असावा. तिनं पडद्यावर चालू कामांची यादी उघडली. पट्ट्याचे संकेत ओळखणारं काम अगदी खाली झोपलेलं होतं. त्याला कार्डाची तीन जीबी स्मृती पुरत होती. वर दुसरंच काम होतं. त्यानं नऊ जीबी व्यापली होती. कार्ड त्यातच गुंतायचं, म्हणून आवाज मागे पडत होता. नाव होतं 'पूरक संवाद'.

तिनं इरफानला फोन लावला.

"काय मॅडम, बसतंय का?"

"बसतंय. इरफान, पूरक संवाद म्हणजे काय?"

पलीकडे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. मग दुकानाचं दार लोटल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

"ते होय... ते सगळ्यांकडेच असतंय मॅडम. मोबाइलवर टाइप करताना पुढचा शब्द सुचतोय बघा, त्याचंच मोठं भावंड. संकेत कच्चा आला तर शब्द भरून काढतंय."

"संकेत नाहीच आला तर?"

"तसं कसं होईल मॅडम?"

"पट्टा खिळ्याला आहे इरफान. साहेब न्हाणीत आहेत. आणि मशीन एकशे त्र्याण्णव वॅट खातंय."

"पुढची वाक्यं तयार करून ठेवत असेल," तो हळूच म्हणाला. "दिवसभरात कोण काय विचारेल, त्याची उत्तरं. घरातले जुने निरोप, फोन, सगळं वाचून. साहेब गप्प असले तरी ते बोलतंय. साहेबांना नको असलं तर पट्ट्यावरचं बटण दाबायचं, वाक्य तिथंच थांबतंय. नाही दाबलं तर जातंय."

"हे कुणी सुरू केलं?"

"साहेबांनीच अंगठा लावला, फेब्रुवारीत. पट्ट्यानं बोलायला कष्ट पडतात मॅडम, प्रत्येक शब्दाला मान अवघडते. मी म्हटलं, मॅडमना विचारू का? तर म्हणाले..." तो अडखळला.

"बोल."

"म्हणाले, तिला सांगू नकोस. ती मोजत बसेल."

राजमतीनं फोन ठेवला. 

पूरक संवादाची नोंदवही उघडायला फारसं काही करावं लागलं नाही. लपवून ठेवण्यासारखं ते आहे असं ते बनवणाऱ्यांना वाटलंच नसावं. प्रत्येक वाक्यापुढे दोन आकडे होते. गळ्यातून किती आलं आणि मशीननं किती घातलं. फेब्रुवारीत पहिला आकडा ऐंशी-नव्वदच्या घरात. मार्चमध्ये चाळीस. मेनंतर बहुतेक दिवस दहाच्या आत. 'आज भेंडी छान झालीय', गळा तीन, मशीन सत्त्याण्णव. 'पाय दुखतात का तुझे?', गळा शून्य. 'झोप नीट लागली का?', गळा शून्य. हा प्रश्न तो गेले काही महिने रोज विचारत होता. अडतीस वर्षांच्या संसारात त्यानं पूर्वी कधी विचारला नव्हता, आणि आजारपणानं माणूस निवळतो असं तिनं कांचनला कौतुकानं सांगितलं होतं.

तिनं चौदा जूनची नोंद काढली.

'राजमती, नाशिकचं पत्र मी दडवलं. तुझ्या वाटेत आडवा पडलो मी. चुकलं माझं.' गळा शून्य. मशीन शंभर. बटण दाबलेलं नाही.

खाली बारीक अक्षरात आधार दिला होता. राजमतीनं कांचनला पाठवलेले आवाजी निरोप, एकूण एकतीस. कॉम्प्युटरला दोघांचे फोन जोडले होते, ते तिनंच जोडले होते. तिनं पहिला निरोप लावला. स्वतःचाच आवाज आला, सात वर्षांपूर्वीचा. "माझ्या वाटेत आडवा पडला गं तो माणूस. एकदा नुसतं चुकलं म्हणाला असता तरी मी सोडून दिलं असतं."

तिची तक्रारच तिला परत मिळाली होती, नवऱ्याच्या आवाजात. मशीननं तिच्या घरात काय कमी आहे ते शोधलं होतं आणि भरून काढलं होतं. त्याला तेवढंच येत होतं. त्याच्यावर रागावून काय उपयोग? पण त्या सकाळी टेबलापाशी दुसरंही कुणीतरी बसलं होतं. त्यानं आपल्या आवाजात आलेली माफी ऐकली, समोर रडणारी बायको पाहिली, आणि शिरा संपवला.

पडद्यावर नव्या ओळी उमटल्या. आजच्यासाठी तयार केलेल्या. 'मापं झाली का गं?' त्याखाली 'मग इरफानला म्हणावं, आजच घेऊन ये.' त्याखाली 'तू किती करतेस माझ्यासाठी.'

न्हाणीघराची कडी वाजली.

भूपाल बाहेर आला. डोकं पुसत त्यानं पट्टा गळ्याला बांधला, खुर्चीत बसला, वर्तमानपत्र उघडलं. पट्ट्यावरचा दिवा हिरवा झाला.

"मापं झाली का गं?" स्पीकर म्हणाला. आवाजात तोच यार्डातला खर्ज होता.

राजमती त्याच्या जबड्याकडे बघत होती. जबडा हलला नव्हता. डोळे बाजारभावाच्या रकान्यावर होते.

"झाली. बसतंय कार्ड."

"मग इरफानला म्हणावं, आजच घेऊन ये."

"सांगते."

"तू किती करतेस माझ्यासाठी."

त्यानं पान उलटलं. राजमतीनं खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

"अहो, एक विचारू? नाशिकचं पत्र पोस्टमननं दिलं, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

वर्तमानपत्र थांबलं. हे तिनं कांचनला कधी सांगितलं नव्हतं, कारण तिलाच माहीत नव्हतं. ते फक्त एका माणसाला माहीत होतं. पंखे घोंगावले. दोन सेकंद गेले.

"तो दिवस मी विसरलेलो नाही, राजमती. अजून मनाला टोचतो." गळा शून्य.

"तसं नाही. कुठं होता? दारात, पेढीवर, कुठं?"

"तुला किती त्रास झाला ते मला आता कळतंय." गळा शून्य.

भूपालनं वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग तिच्याकडे वळलेल्या पडद्याकडे, मग उघड्या कॅबिनेटकडे. त्याला कळलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, जबडा हलला.

"आता मागचं उगाळून काय मिळणार हाय तुला?"

गळा ब्याण्णव. मशीन आठ.

राजमतीला हसू आलं, आणि ते कडू होतं. "आला बघा तुमचा आवाज," ती म्हणाली. "फेब्रुवारीपासून बेपत्ता होता. उशीर झाला जरा."

तिनं हात खाली नेऊन कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं. पंखे थांबले. वॅटमीटर शून्यावर आला आणि शून्यावरच राहिला.

भूपालनं ओठ हलवले. आवाज आला नाही. त्यानं हातानं खूण केली, चालू कर.

"मशीन नको," राजमती म्हणाली. "आपल्या दोघांत सौदा करू."

तिनं खुर्चीच्या पाठीवरचा त्याचा पंचा घेतला. भूपालच्या वडिलांच्या काळी यार्डात हळदीचा भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा आणि विकणारा पंच्याखाली हातात हात घालत. बोटं धरून आकडा सांगायचा. मान्य असेल त्यानं सगळा पंजा दाबायचा. नसेल त्यानं हात काढून घ्यायचा. तिसऱ्याला काही कळत नसे, आणि पंच्याखाली खोटं चालत नसे. खोटं करणाऱ्याला पुन्हा पेठेत कुणी हात देत नसे. लग्न झालं त्या वर्षी भरल्या घरात बोलायची सोय नव्हती. तेव्हा भूपालनं तिला ती बोटांची भाषा शिकवली होती. पंगतीतून लवकर ऊठ, तळ्यावर जाऊ, असलं काहीबाही.

तिनं पंचा दोघांच्या गुडघ्यांवर पसरला आणि खाली हात नेला. त्याचा हात ओढून घेतला. पाण्यानं गार पडलेला, ओळखीचा पंजा.

"तुम्हाला त्रास होतो बोलायला, मान्य. मशीननं भेंडीचं कौतुक केलं, त्याचंही मी मनाला लावून घेत नाही. एकच विचारते. ते पत्र दडवलं, त्याचं तुम्हाला वाईट वाटतं का? मशीनला नाही. तुम्हाला. वाटत असेल तर दाबा. बोलायला नको, काही नको. एकदा दाबा. मी कुठं जात नाही."

पंच्याखाली दोन हात होते. रस्त्यावरून भंगारवाला हाळी देत गेला. राजमती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. ती हातावर लक्ष ठेवून होती, जशी एखाद्या मीटरच्या चकतीवर ठेवायची. अंगठ्यापाशी किंचित काही हललं. पण ती त्याची नाडी होती. तेवढीच.

मग त्यानं हात काढून घेतला.

त्याचा हात गुडघ्यावर थांबला नव्हता. तो टेबलाखाली गेला आणि कॅबिनेटच्या पुढच्या बाजूवर चाचपडत बटण शोधू लागला. त्याला उत्तर द्यायचं होतं. मशीनकडून.

"राहू द्या," ती म्हणाली.

तिनं पंचा उचलला, चार घड्या घातल्या आणि पुन्हा खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग कॅबिनेटची बाजू बसवली. चारही स्क्रू आवळले, एकही ढिला ठेवला नाही. उभ्याउभ्याच सबनीसांना फोन लावला.

"शुक्रवारची गरज नाही. मी गुरुवारी निघते."

भूपाल ऐकत होता. त्याचे ओठ दोनदा हलले. ते वाचायचा तिनं प्रयत्न केला नाही.

टेबलावरची वही तिनं पुढे ओढली. इरफानला निकाल कळवायचा राहिला होता. चाचणी अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती. यादीतल्या पाच गोष्टींसमोर तिनं पाच खुणा केल्या. लांबी पुरते. स्लॉट मोकळा. एसएमपीएस पुरतो. वायरी आहेत. प्रोसेसर चालेल. पानाच्या तळाशी तिनं नेहमीच्या सरळ अक्षरात शेरा लिहिला, खाली सही केली, आणि पानाचा फोटो त्याला पाठवून दिला.

'नवे कार्ड बसते. पण आणू नये. माणूस स्वतः बोलणार असेल तर जुने पुरते.'